नव्वद टक्क्यांबाहेरची लेकरं

प्रश्न : आमच्या श्रीगोंद्यात दिवाळी सरली की कारखान्यांच्या आसपास आणि गावोगावच्या मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडची, पाथर्डी-शेवगावची माणसं असतात. नोकरीत होते तेव्हा त्यांची पोरं शाळेत आणून बसवायची आमची धडपड चालायची. आता निवृत्त आहे, पण सकाळी फिरायला जाताना कोप्या दिसतातच. पेपरात वाचते की बालमृत्यू घटले, लसीकरण नव्वद टक्क्यांवर न्यायचं आहे, अमुक सालापर्यंत क्षयरोग संपवायचा आहे. आणि समोर झोळीत निजलेलं लेकरू दिसतं, त्याच्याजवळ सहा-सात वर्षांची बहीण बसलेली असते. या आकड्यांत हे लेकरू धरलेलं असतं का? दिल्लीत ठरणाऱ्या उद्दिष्टाचा त्या कोपीशी काही संबंध लागतो का?
— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, श्रीगोंदा

उत्तर : बाई, संबंध लागतो, पण किती लागतो ते उद्दिष्ट कोणत्या शब्दांत लिहिलं आहे यावर ठरतं. ‘नव्वद टक्के बालकांचं लसीकरण’ असं लिहिलं, तर कोपीतलं लेकरू बाहेर राहूनही ते पुरं होतं. ‘एकही बालक सुटता कामा नये’ असं लिहिलं, तर त्या झोळीपर्यंत गेल्याशिवाय ते पुरं होतच नाही. आपल्या देशानं देवी आणि पोलिओ या दोन रोगांशी लढताना हा फरक अनुभवला आहे. त्याकडे येतोच, आधी साधा हिशेब मांडू.

समजा, एका तालुक्यात वर्षाची हजार बालकं आहेत. नऊशे गावांत राहणारी, शंभर कोप्यांत, वीटभट्ट्यांवर, पालांवर आणि मेंढरांच्या वाड्यांवर. गावांतल्या शंभरांपैकी 97 बालकांना सगळे डोस मिळाले, म्हणजे 873. उरलेल्या शंभरांतल्या फक्त 30 बालकांना मिळाले. बेरीज 903. तालुका नव्वदच्या पुढे गेला, अहवाल चांगला झाला. पुढच्या वर्षी गावांतलं प्रमाण 99 वर गेलं आणि कोप्या-पालांवरचं घसरून 20 वर आलं. आता बेरीज होते 911. अहवाल आणखी चांगला दिसतो, आणि जे आधीच मागे होते ते आणखी मागे पडलेले असतात. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, श्रीगोंद्याचे नाहीत. पण सरासरी चढत असताना दरी रुंदावू शकते, हे त्यांतून कळावं.

यात कुणाची लबाडी असावी लागत नाही. गावातल्या अंगणवाडीत एका सत्रात तीसेक बालकं होऊन जातात. तेवढाच वेळ फडाफडातून विखुरलेल्या चार-पाच बालकांमागे जातो, आणि त्यांतलं एक दुसऱ्या गावाला गेलेलं निघतं. उद्दिष्ट टक्क्यांत असेल, तर नर्सबाईंनी आपला दिवस कुठं घालवायचा हे त्या उद्दिष्टानंच ठरवून टाकलेलं असतं.

देशाची उद्दिष्टं बहुतेक अशीच सरासरीत लिहिलेली असतात. 1983 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं 2000 सालापर्यंत बालमृत्युदर हजारी 60 च्या खाली आणायचं ठरवलं. 2017 च्या धोरणानं पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर 2025 पर्यंत 23 वर आणायचं म्हटलं, आणि पूर्ण लसीकरण नव्वद टक्क्यांच्या वर. या उद्दिष्टांनी पुष्कळ काम करून घेतलं आहे, ते नाकारणं अन्यायाचं होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातलं पूर्ण लसीकरण 2015-16 मध्ये सुमारे 56 टक्के होतं, 2019-21 मध्ये ते सुमारे 73 टक्क्यांवर गेलं. पण त्याच पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू पाहा. देशाची सरासरी हजारी 42 च्या आसपास. सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शातल्या कुटुंबांत 20, सर्वांत गरीब पाचव्या हिश्शात 59. जन्म कुठल्या घरात झाला यावर मरणाची शक्यता जवळजवळ तिप्पट होते. 42 हा आकडा कुणाच्याच घरातला नाही.

श्रीगोंद्याच्या माणसाला हे कालव्याच्या भाषेत लगेच कळेल. कुकडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटतं, किती दिवसांचं, किती टीएमसीचं, ते जाहीर होतं. पण कर्जत-करमाळ्याकडचा, टेलचा शेतकरी एवढंच विचारतो, माझ्या चारीला पाणी आलं का. म्हणून तर ‘टेल टू हेड’ भरणं द्या, ही मागणी दर आवर्तनाला होते. शेवटच्या शेतकऱ्याचं आधी भिजवायचं आणि मग वर यायचं, म्हणजे मधल्या कुणाला पाणी अडवता येत नाही. आरोग्याचं उद्दिष्टही टेलकडून मोजायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता देवीकडे येऊ. तुमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या दंडावर देवी काढल्याचा वण असेल. 1962 साली भारतानं देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तीन वर्षांत 80 टक्के लोकांना टोचायचं, म्हणजे रोगाची साखळी तुटेल, असा अंदाज होता. टोचण्या कोट्यवधी झाल्या. पण त्यांतल्या फार मोठ्या भागात, आधी टोचलेल्यांनाच पुन्हा टोचलं गेलं होतं. शाळेतली मुलं एका ओळीत उभी मिळायची, दंड पुढे करायची, आकडा भरायचा. तान्ही बाळं, भटकी कुटुंबं, शहराच्या कडेला राहणारे मजूर राहून जायचे, आणि रोग नेमका त्यांच्यातून फिरत राहायचा. 1974 साली देशात देवीचे 1 लाख 88 हजार रुग्ण नोंदले गेले, त्यांत बिहारचा वाटा सर्वांत मोठा होता. तोवर कामाची रीत पालटली होती. किती टोचले हे मोजणं मागे पडलं आणि एकेक रुग्ण शोधून त्याच्याभोवतीचं प्रत्येक घर टोचणं सुरू झालं. घरोघर शोध घेतले गेले, रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवलं गेलं. 1975 मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण बरा झाला. ऐंशी टक्क्यांच्या मागे लागून जे दहा वर्षांत साधलं नाही, ते शून्याच्या मागे लागल्यावर दोन-अडीच वर्षांत साधलं.

पोलिओची गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. 1995 साली देशभर पल्स पोलिओ सुरू झालं. 2009 साली जगातले जवळजवळ निम्मे रुग्ण भारतात होते, 741. कार्यक्रमानं मग विचारलं, मूल सुटतं कुठं? उत्तर प्रदेशातल्या गरीब मुस्लिम वस्त्या, बिहारात कोसी नदीच्या पुरात बुडणारी गावं, आणि देशभरातले फिरते मजूर. योजना त्यांच्यासाठी वेगळी लिहिली गेली. वीटभट्ट्या, बांधकामं, पालं, आपल्याकडे ऊसतोडीच्या वस्त्या, यांची नावानिशी यादी झाली. एसटी स्टँडवर, रेल्वे फलाटावर पथकं उभी राहिली. बाळाच्या करंगळीला शाई लागली. ज्या दारावर बाळ भेटलं नाही त्या दारावर खडूनं फुली पडली, आणि फुलीच्या दाराशी पुन्हा जाणं भाग पडलं. 2010 मध्ये रुग्ण 42 वर आले. 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यातल्या एका मुलीला पोलिओ झाला. तिच्यानंतर देशात रानटी विषाणूचा रुग्ण आढळला नाही, आणि 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला पोलिओमुक्त ठरवलं. तुम्ही विचारलेलं झोळीतलं लेकरू या एका आकड्यात खरोखर धरलेलं होतं. ते सुटलं असतं, तर साऱ्या देशाचं उद्दिष्ट हुकलं असतं.

उलट उदाहरण कुष्ठरोगाचं. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण म्हणजे निर्मूलन, असं ठरलं होतं. डिसेंबर 2005 मध्ये देशानं ती रेघ ओलांडली. पुढं घरोघर शोधण्याचं काम सैल पडलं. रोग मात्र गरीब आणि दुर्गम भागांत राहिला. जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात. 2016 पासून शोधमोहिमा पुन्हा घ्याव्या लागल्या. उद्दिष्ट गाठल्याचा आनंद कुणाच्या जिवावर झाला, हा प्रश्न तेव्हा पुरेसा विचारला गेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या समोरच्या कोपीत जाऊ. ते लेकरू सुटतं कसं?

आपली यंत्रणा गावाला बांधलेली आहे. साधारण हजार लोकवस्तीला एक आशा, पाच हजारांना एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पाथर्डीच्या गावातल्या आशाताईकडे या बाळाचं नाव आहे, पण ऑक्टोबरात त्यापुढे ‘बाहेरगावी’ असा शेरा पडतो. श्रीगोंद्यातल्या आशाताईच्या हजारात ते मोजलेलंच नाही. दोन्ही बायकांनी आपापलं काम चोख केलं तरी बाळ दोघींच्या मधल्या फटीत पडतं.

त्यात तारखांचा मेळ बघा. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना डोस असतात, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा. दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या बाळाचे पहिले तिन्ही डोस ऐन गाळपात, परक्या तालुक्यात येतात. फेब्रुवारीत फडावरच जन्मलेल्या बाळाचे सुरुवातीचे डोस पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, गावी परतण्याच्या धांदलीत येतात, आणि नऊ महिने भरतात ते नोव्हेंबरात, म्हणजे पुन्हा कोपीत. बाळाचं कार्ड गावच्या घरात ट्रंकेत राहिलेलं असतं. सत्र असतं सकाळी, अंगणवाडीत. आई पहाटे चारच्या आसपास फडावर गेलेली असते. बाळाजवळ असते ती बहीण, जिला आज शाळेत असायला हवं होतं. आणि आई भेटली तरी तिच्या मनात हिशेब असतो, कारण सुईनं ताप आला, पोर रडत राहिलं, तर खाडा पडेल. उचल घेऊन आलेल्या जोडीला खाडा परवडत नाही. अडाणीपणा म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो तो पुष्कळदा अगदी चोख हिशेब असतो.

ही फट बुजवण्याचे प्रयत्न झालेले आहेत. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यानं लस न मिळालेली किंवा अर्धवट मिळालेली बालकं शोधायचं ठरवलं आणि त्यात भटक्या, स्थलांतरित वस्त्यांवर मुद्दाम भर दिला. राज्याच्या महिला व बालविकास विभागानं 2021 पासून स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली आणली, म्हणजे एका अंगणवाडीतलं नाव दुसऱ्या अंगणवाडीला दिसावं. हे योग्य दिशेनं आहे. पण मोहीम संपली की फट पुन्हा उघडते. मोहिमा वर्षातून काही दिवस असतात, गाळप पाच-सहा महिने चालतं.

आणि ही फट कोपीपुरती राहत नाही. गोवर थांबवायला शंभरांतल्या 95 मुलांना संरक्षण लागतं, तेही प्रत्येक वस्तीत, सरासरीत नव्हे. 2022 च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीतून गोवर पसरला, मुलं दगावली, मग मालेगाव-भिवंडीतही रुग्ण निघाले. मुंबईसारख्या शहरात, मोठमोठी इस्पितळं जवळ असताना. लस न मिळालेली मुलं शहरभर सारखी विखुरलेली नव्हती, ती एकाच जागी दाटली होती. विषाणूला तेवढं पुरतं.

आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड या बाबतीत साऱ्या जगाच्या पुढे होतं, हे मात्र इथं मोकळेपणानं सांगायला हवं. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले. तिथला बालमृत्युदर तेव्हा हजारी 176 होता. त्यांनी गावागावातून बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित. त्यांना शिकवून आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, लस, खाणं, कुष्ठरोग आणि क्षयाची ओळख. जिच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं तिला गावानं बाळंतपणाला बोलावलं. हातपंपांसाठी विंधणविहिरी घेताना त्या दलित वस्तीत येतील असं त्यांनी पाहिलं, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तिकडे जावं लागे. हे औषध कुठल्याही दवाखान्यात मिळणारं नव्हतं. 1990 च्या दशकापर्यंत प्रकल्पाच्या गावांतला बालमृत्युदर तीसच्या आत आला. जागतिक आरोग्य संघटनेनं 1975 मध्येच या कामाची नोंद आपल्या पुस्तकात घेतली होती, आणि 1978 साली अल्मा-आटाच्या परिषदेत ‘2000 सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ असं जगानं ठरवलं तेव्हा ज्या मोजक्या ठिकाणांचा अनुभव पाठीशी होता त्यांत जामखेड होतं. 2005 पासून गावोगाव काम करणारी आशाताई त्याच विचारातून आली.

जामखेडनं सरासरीपासून सुरुवात केली नाही. गावात सर्वांत आधी कोणाचं मूल मरतं, तिथून केली. श्रीगोंद्यापासून जामखेड काही फार लांब नाही.

प्रश्न : वेगवेगळ्या समाजगटांसाठी वेगळी आरोग्य-उद्दिष्टं ठेवण्याची पद्धत दुसऱ्या देशांत आहे का? तिचा उपयोग झाला का?
— एक वाचक, पारनेर

उत्तर : आहे, आणि तिच्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

अमेरिकेत 1979 साली त्या वेळचे सर्जन जनरल ज्युलियस रिचमंड यांनी ‘हेल्दी पीपल’ हा अहवाल काढला आणि रोग होण्याआधीच तो टाळण्यासाठी दहा-दहा वर्षांची राष्ट्रीय उद्दिष्टं ठेवण्याची प्रथा पडली. 1990 मध्ये पुढच्या दशकाची उद्दिष्टं आली तेव्हा गटागटांतली तफावत कमी करणं हे एक मुख्य ध्येय म्हणून लिहिलं गेलं. गटांना वेगळे आकडेही दिले. देशाचा बालमृत्युदर हजारी 7 वर आणायचा, काळ्या समाजाचा 11 वर. हेतू वाईट नव्हता. ते फार मागे आहेत, तेव्हा गाठता येईल असं काही ठेवू, असा विचार होता. पण त्याचा अर्थ काय झाला? काळ्या आईची अधिक बाळं दगावणार हे राष्ट्रीय उद्दिष्टातच मान्य करून टाकलं.

ही गोष्ट पुष्कळांना खटकली. 2000 साली पुढची उद्दिष्टं लिहिताना ती रीत मोडली. सर्व गटांना एकच आकडा, आणि तोही तेव्हा सर्वांत चांगल्या स्थितीत असलेल्या गटापेक्षा वरचा. तफावत ‘कमी करणं’ हा शब्दही गेला, ‘नाहीशी करणं’ आला. मला हे लिहिणं अतिशय मोलाचं वाटतं. पण दहा वर्षांनी हिशेब झाला तेव्हा सुमारे 80 टक्के उद्दिष्टांत तफावत होती तशीच राहिली होती आणि आणखी 13 टक्के उद्दिष्टांत ती वाढली होती. घर, मजुरी, शाळा, विमा यांची वाटणी होती तशीच होती, मग आरोग्याचा आकडा तरी कसा सरकणार?

इंग्लंडनं 2001 मध्ये याहून लहान पण नेमकी गोष्ट ठरवली. बालमृत्यू आणि आयुर्मान यांतली दरी 2010 पर्यंत निदान एक-दशांशानं घटवायची. म्हणजे उद्दिष्ट दरीचंच. सोबत गरीब भागांकडे पैसा जास्त वळवला, मुलांच्या योजना आणि किमान वेतन आलं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की त्या काळात आयुर्मानातली दरी थोडी का होईना मिटत गेली, आणि धोरण गुंडाळल्यावर पुन्हा रुंदावू लागली.

आपल्याकडे 2018 मध्ये दोन गोष्टी घडल्या. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं आदिवासींच्या आरोग्यावर देशपातळीवरचा अहवाल दिला. सुमारे साडेदहा कोटी माणसांच्या आरोग्याची वेगळी आकडेवारीच देशाकडे नीट नव्हती, हे त्यातून उघड झालं. त्याच वर्षी आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम आला. त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. आपला अहिल्यानगर जिल्हा नाही, आणि सरासरी पाहता ते बरोबरही आहे. पण क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा एकाच सरासरीत बसतो का? प्रवरेच्या पाण्यावरचं राहाता, डोंगरातलं आदिवासी अकोले, दुष्काळी जामखेड-पाथर्डी, आणि साऱ्या कारखान्यांभोवतीच्या कोप्या. कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे जिल्ह्यापाशी थांबतात, तालुक्यात उतरत नाहीत, वस्तीत तर नाहीतच. चांगल्या जिल्ह्यातला गरीब माणूस त्यामुळे मागास जिल्ह्यातल्या गरिबापेक्षाही कमी दिसतो.

क्षयरोगाचंही असंच झालं. 2025 पर्यंत क्षय संपवायचा असं ठरलं होतं, म्हणजे 2015 च्या तुलनेत नवे रुग्ण 80 टक्क्यांनी कमी. 2015 मध्ये लाखामागे 237 नवे रुग्ण होते, 2023 मध्ये 195. घट खरी आहे, उद्दिष्टापासून मात्र फार दूर. डिसेंबर 2024 मध्ये देशातल्या 347 जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम निघाली तेव्हा कुपोषित, वृद्ध, झोपडवस्तीतले, स्थलांतरित अशा धोक्यातल्या माणसांकडे आधी जायचं ठरलं. ही वाट दहा वर्षं आधी धरायला हवी होती.

प्रश्न : एखाद्या समाजाची ‘आरोग्यात मागे’ म्हणून वेगळी यादी केली की त्याच्यावर शिक्का बसतो. आमच्या भागात पारधी समाजानं याद्यांपायी फार सोसलं आहे. वेगळं मोजणं खरंच गरजेचं आहे का?
— एक वाचक, काष्टी

उत्तर : तुमची भीती अगदी खरी आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसांची यादी केली ती हजेरी घेण्यासाठी आणि कोंडण्यासाठी. तो कायदा 1952 मध्ये गेला, तरी संशय गेला नाही. ज्याच्या आजोबाला यादीनं चौकीवर उभं केलं, तो नातवाचं नाव सरकारी माणसाला सहजी सांगणार नाही, आणि न सांगण्यात त्याची चूक नाही.

तरीही मी वेगळं मोजण्याच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण बीडमध्ये आहे. ऊसतोड बायकांची गर्भपिशवी लहान वयात काढली जाते, हे गावोगाव सगळ्यांना ठाऊक होतं. पाळीच्या दिवसांतला खाडा, अंगावर काढलेली दुखणी, कोपीवर न्हाणीघर नाही, आणि ‘पिशवी काढून टाका’ म्हणणारे डॉक्टर. सगळ्या राज्याच्या आकड्यांत हे दिसत नव्हतं. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, फक्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे सहांत एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. वेगळं मोजलं नसतं तर या बायकांचं दुखणं सरासरीत विरून गेलं असतं.

मोजायचं कसं, यात मात्र पारख हवी. आरोग्याची यादी जातीची नसावी, ठिकाणाची असावी. अमुक कारखान्याचा तळ, तमुक भट्टी, हे पाल, हा फड, तिथं आज किती बालकं, किती गरोदर बायका. ती यादी पोलिसपाटलाकडे किंवा चौकीवर जाऊ नये. नाव विचारणारी बाई लस घेऊन आलेली असावी, नुसती वही घेऊन नव्हे. शक्य तिथं ती त्याच समाजातली असावी, जामखेडला होती तशी. आणि आकडा जाहीर होईल तो यंत्रणेच्या नावानं व्हावा. ‘पालावरची मुलं लस घेत नाहीत’ असं न लिहिता ‘या पालावर आपण पोचलो नाही’ असं लिहावं. पोलिओच्या दारावरची फुली अशीच होती. ती त्या घराला दोष देत नव्हती, पथकाला परत यायला सांगत होती.

श्रीगोंद्याच्या बाईंनी विचारलं नसलं तरी त्यांनाही उपयोगी पडेल म्हणून एक सांगतो. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याचं, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडीचं, नाव आणि उचल लिहिलेली असते. त्याच पानावर दोन रकाने वाढले पाहिजेत, जोडीसोबत दोन वर्षांखालचं बाळ आहे का आणि बाई गरोदर आहे का. ती पानं कारखान्यानं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावीत, आणि सत्र संध्याकाळी, माणसं फडावरून परतल्यावर, कोप्यांपाशीच लागावं. ग्रामसभेत आणि कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत सभासद हे मागू शकतात, त्याला दिल्लीचा आदेश लागत नाही. मागायचं ते बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या वेळी, दसऱ्याच्या सुमारास. डिसेंबरात यादी हाती आली, तर दिवाळीत जन्मलेल्या बाळाचा सहा आठवड्यांचा डोस हुकलेला असू शकतो.